कोबी, चिरूट आणि संन्यास: विवेकानंद आणि स्टर्डी यांचं बिनसलं कशावरून?

नोव्हेंबर १८९९ मध्ये स्वामी विवेकानंदांनी न्यूयॉर्कहून इंग्लंडला एक पत्र पाठवलं. पत्र होतं एडवर्ड टोरंटो स्टर्डी यांना. चार वर्षांपूर्वी ज्यांनी स्वामींना इंग्लंडला बोलावलं, घरी ठेवून घेतलं, वर्गांची व्यवस्था लावली, खर्चाला हात दिला, तेच हे स्टर्डी. उपकारकर्त्याला लिहिलेलं पत्र म्हटल्यावर आपण ज्या सुराची अपेक्षा करू, त्याचा इथे मागमूस नाही. स्वामी लिहितात त्याचा आशय असा: तुमचं रेडिंगचं घर मला चांगलं आठवतं. उकडलेला कोबी, उकडलेले बटाटे, उकडलेला भात आणि उकडलेली डाळ, दिवसातून तीन वेळा. आणि तोंडी लावायला तुमच्या पत्नीचे शिव्याशाप. तुम्ही मला कधी चिरूट दिल्याचं स्मरत नाही, शिलिंगचाही नाही आणि पेनीचाही नाही. तुमच्या घरी मी चोरासारखा भीत भीत राहिलो आणि रोज तुमच्यासाठी राबलो.

हे पत्र कुणी दडवून ठेवलेलं नाही. विवेकानंदांच्या समग्र वाङ्मयात ते छापलेलं आहे. तरी आपल्याकडे त्याची फारशी चर्चा होत नाही. शिकागोचं भाषण पाठ असलेल्या माणसालाही स्टर्डी हे नाव बहुधा ठाऊक नसतं. ज्यांना ठाऊक असतं त्यांचेही सहसा दोन गट पडतात. भक्तमंडळी म्हणतात, गोऱ्यांनी स्वामींना छळलं. टीकाकार म्हणतात, स्वामींची राहणी चैनीची होती आणि कुणी ते बोलून दाखवलं म्हणून ते चिडले. दोन्ही गट भांडणाच्या वरच्या पापुद्र्यावरच थांबतात. पैशाच्या अफरातफरीचा आरोप या प्रकरणात नव्हताच. प्रश्न होता तो संन्याशाने कसं राहायचं, काय खायचं, आजारी पडायचं की नाही, हे कुणी ठरवायचं याचा. ज्याने खर्च केला त्याला ते ठरवायचा हक्क मिळतो का?

हे समजायला आधी एक साधी गोष्ट पाहावी लागते: परदेशात स्वामींचं पोट भरत कसं होतं?

१८९३ च्या सर्वधर्म परिषदेनंतर विवेकानंदांनी अमेरिकेतल्या एका व्याख्यान-कंपनीशी करार केला. कंपनी गावोगावी सभा ठरवायची, तिकिटं विकायची आणि वक्त्याला त्यातला वाटा द्यायची. काही महिन्यांतच स्वामींच्या लक्षात आलं की आपण नाडले जातोय, आणि सर्कशीतल्या जनावरासारखे गावोगावी मिरवलेही जातोय. १८९४ मध्ये ते त्या करारातून बाहेर पडले. पुढे न्यूयॉर्कला एका साध्या वस्तीत खोली घेऊन त्यांनी वर्ग सुरू केले. खुर्च्या पुरल्या नाहीत की लोक जमिनीवर बसत. वर्गांना फी नव्हती. भारताविषयीच्या सार्वजनिक व्याख्यानांचे पैसे घ्यायचे, पण धर्म शिकवण्याचे घ्यायचे नाहीत, असा त्यांचा नेम होता.

हा नेम ऐकायला उदात्त वाटतो आणि तो उदात्त होताही. पण त्याचा एक परिणाम सहसा कुणी सांगत नाही. तिकीट काढून आलेला श्रोता चार आणे मोजतो, व्याख्यान ऐकतो आणि घरी जातो. वक्त्याने घरी काय खाल्लं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. तिकीट बंद केलं की जागेचं भाडं, प्रवास, छपाई, जेवण हे सगळं चार-दोन सधन माणसांच्या मर्जीवर येतं. ती माणसं नुसते पैसे देऊन थांबत नाहीत, स्वतःचं घर उघडून देतात. घर उघडलं की तुमचं जेवण, झोप, धूर, खोकला, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर येतं. धर्म विकायचा नाही असं ठरवून स्वामी बाजारातून सुटले आणि यजमानांच्या हाती सापडले.

आता हे यजमान कोण होते ते पाहू.

स्टर्डी हे पैसेवाले पण विरक्त वृत्तीचे इंग्रज गृहस्थ. आधी थिऑसॉफिस्ट होते, म्हणजे पूर्वेकडच्या गूढविद्येत रस घेणाऱ्या थिऑसॉफिकल सोसायटीचे, आणि तिच्या संस्थापक ब्लॅव्हॅट्स्कीबाईंच्या जवळच्या वर्तुळातले. भारतात येऊन हिमालयाच्या बाजूला राहिलेले, संस्कृत शिकलेले. अल्मोड्याला त्यांची गाठ स्वामी शिवानंदांशी पडली. हे शिवानंद रामकृष्णांचे शिष्य, म्हणजे विवेकानंदांचे गुरुबंधू. त्या ओळखीतून पुढे पत्रव्यवहार सुरू झाला आणि सप्टेंबर १८९५ मध्ये विवेकानंद रेडिंगजवळच्या कॅव्हरशम इथे स्टर्डींच्या घरी उतरले. दोघांनी मिळून नारदभक्तिसूत्रांचं इंग्रजी भाषांतर केलं. तेव्हाची स्वामींची पत्रं वाचली तर दोघांचं किती छान जुळलं होतं ते दिसतं. त्याच हिवाळ्यात लंडनमध्ये मार्गारेट नोबल नावाच्या शिक्षिकेने त्यांना पहिल्यांदा ऐकलं. तीच पुढची भगिनी निवेदिता. म्हणजे स्टर्डींनी बोलावलं नसतं तर निवेदिताही कदाचित भेटल्या नसत्या. स्टर्डींना खलनायक ठरवण्याआधी एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

दुसऱ्या यजमान म्हणजे हेन्रिएटा म्युलर. या बाई स्वतंत्र लेखाचा विषय आहेत. चिलीमध्ये जन्मलेल्या, जर्मन वंशाच्या व्यापाऱ्याच्या कन्या. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात शिकलेल्या, लंडनच्या स्कूल बोर्डावर निवडून आलेल्या. स्त्रियांना मत नाही तर आम्ही कर का भरावा, म्हणून १८८४ मध्ये त्यांनी कर भरायला नकार दिला आणि घरातलं सामान जप्त होऊ दिलं. १८८८ मध्ये 'विमेन्स पेनी पेपर' हे स्त्रियांनी चालवलेलं साप्ताहिक काढलं. कुणापुढे मान तुकवणं या बाईंच्या स्वभावात नव्हतं. त्याही थिऑसॉफीच्या वाटेनेच आल्या होत्या. १८९६ च्या उन्हाळ्यात त्या आणि सेव्हियर हे इंग्रज दांपत्य स्वामींना स्वित्झर्लंडला घेऊन गेले. लंडनमध्ये स्वामी काही काळ त्यांच्या विम्बल्डनच्या घरी राहिले. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: कलकत्त्याजवळ गंगेकाठी बेलूरला मठासाठी जी जमीन १८९८ च्या मार्चमध्ये घेतली, तिची किंमत ३९,००० रुपये होती आणि तो पैसा मुख्यतः म्युलरबाईंनी दिला.

त्याच वर्षी ९ डिसेंबरला बेलूरच्या नव्या मठाची प्रतिष्ठापना झाली. आणि वर्ष सरता सरता वर्तमानपत्रांत आलं की म्युलरबाईंनी विवेकानंदांच्या चळवळीशी असलेले सगळे संबंध तोडले आहेत आणि त्या पुन्हा ख्रिस्ती धर्माकडे वळल्या आहेत. जमीन ज्यांच्या पैशाने घेतली त्या प्रतिष्ठापनेच्या महिन्यातच बाहेर! विरोधकांना, त्यातही मिशनरी वर्तुळांना, आयतंच कोलीत मिळालं.

स्वामींना हा फटका अगदीच अनपेक्षित नव्हता. जुलै १८९७ मध्ये त्यांनी मार्गारेट नोबल यांना भारतात येण्याआधी सावध करणारं पत्र लिहिलं होतं. म्युलरबाई आपल्या परीने चांगल्या आहेत, पण आपण जन्मजात पुढारी आहोत आणि जग हलवायला पैशाखेरीज कशाची गरज नाही, असं त्यांनी लहानपणापासून डोक्यात घेतलंय, असं त्यात म्हटलंय. तुम्ही त्यांच्याच काय, कुणाच्याच पंखाखाली राहू नका, असाही सल्ला आहे. इथे एक बारकावा नजरेआड करू नये. हे लिहिलं तेव्हा जमीन घ्यायची होती. म्हणजे स्वभाव पुरता ओळखूनही त्यांनी देणगी घेतली. काहींना हा व्यवहारी धूर्तपणा वाटेल. मला तसं वाटत नाही, कारण संस्थेसाठी पैसा उभा करणाऱ्या कुणालाच देणगीदाराचा स्वभाव पाहून चेक घ्यायची चैन परवडत नाही. पण पत्रात त्यांनी जे बघितलं होतं ते त्यांच्याच बाबतीत खरं ठरेल, हे त्यांनी कितपत मनावर घेतलं होतं कोण जाणे.

तर मग आक्षेप नेमके कोणते होते? ते कळतात १४ सप्टेंबर १८९९ च्या पत्रातून, म्हणजे त्या जळजळीत पत्राच्या दोनच महिने आधीच्या. तेही स्टर्डींनाच लिहिलेलं, पण सूर बराच शांत, थोडा थट्टेचाही. लंडनच्या एका बाईंचं म्हणणं असं की आध्यात्मिक माणूस आजारी पडताच कामा नये. त्यांना आता स्वामींचं धूम्रपानही पाप वाटू लागलंय. म्युलरबाई सोडून गेल्या त्याचं कारणही आपला आजारच, असं स्वामी सरळ लिहितात. आणि पुढे म्हणतात, असेल त्यांचं बरोबर, तुमचंही असेल, पण मी जसा आहे तसा आहे.

आध्यात्मिक माणूस आजारी पडत नाही, ही समजूत आज वाचताना विचित्र वाटते. तेव्हा ती चांगल्या शिकलेल्या लोकांची समजूत होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये मनाच्या बळाने रोग बरे करण्याच्या पंथांची लाट होती. मेरी बेकर एडी यांच्या ख्रिश्चन सायन्समध्ये तर रोग हा मुळात चुकीच्या समजुतीचाच परिणाम मानला जाई. दुसरीकडे थिऑसॉफीने हिमालयातल्या अदृश्य महात्म्यांची एक प्रतिमा तयार केली होती: वासना, भूक, रोग यांच्या पलीकडे गेलेले सिद्ध पुरुष. या दोन हवांमध्ये वाढलेल्या माणसासमोर खराखुरा हिंदू योगी येतो. तो पस्तिशीचा आहे, पण मधुमेहाने पोखरलाय, रात्ररात्र दम्याने बसून काढतो, १८९८ च्या अमरनाथ यात्रेनंतर त्याचं हृदयही बिघडलंय. वर तो चिरूट ओढतो, मासे मिळाले तर आवडीने खातो, मित्रांत खदखदून हसतो आणि रागावला की खरंच रागावतो. ज्याने प्रतिमेसाठी पैसे खर्च केलेत त्याला हा माणूस म्हणजे फसवणूक वाटणार.

खुद्द विवेकानंदांच्या बाजूने मात्र यात काही विसंगत नव्हतं. बंगाली घरात मासा हे रोजचं अन्न. रामकृष्ण स्वतः हुक्का ओढत. आपल्याकडच्या परंपरेत भिक्षेवर जगणाऱ्या परमहंसाला खाण्याचे विधिनिषेध फारसे नसतात. मिळेल ते घ्यायचं, नाही मिळालं तर उपाशी राहायचं. त्याचा त्याग पाहायचा तो संग्रहात आणि संबंधांत: घरदार, बायकामुलं, जमीन, वारसा, जात. स्टर्डींसारख्या इंग्रज साधकाचा त्याग उलट बाजूने सुरू व्हायचा, ताटापासून आणि खिशातल्या सिगारेटपासून. घर, मालमत्ता, बायको राहिली तरी चालेल, पण मांस, दारू, तंबाखू नको. दोघेही त्याग हाच शब्द वापरायचे आणि दोघांच्या डोळ्यांसमोर वेगळं चित्र असायचं. रेडिंगचं ते उकडलेलं जेवण यात नीट बसतं. स्टर्डी पाहुण्याला मुद्दाम उपाशी मारत नसावेत, बहुधा स्वतःही तेच जेवत असावेत आणि संन्याशाला यापेक्षा वेगळं काय लागणार, असं त्यांना मनापासून वाटत असावं.

अशी कुचंबणा केवळ परदेशातच झाली असंही नाही. १८९२ च्या ऑक्टोबरात, शिकागोच्या आधी, विवेकानंद कोल्हापूरहून बेळगावला आले. कोल्हापूर दरबारचे खाजगी कारभारी गोळवलकर यांची चिठ्ठी घेऊन ते सकाळी सकाळी भाटे वकिलांच्या दारात उभे राहिले. वकिलांचे चिरंजीव जी. एस. भाटे यांनी पुढे त्या मुक्कामाच्या आठवणी लिहिल्या आहेत. घर मराठी, वळण जुनं. पाहुणा इंग्रजी बोलतो, पोशाख नेहमीच्या गोसाव्यासारखा नाही, इथपर्यंत ठीक. पण जेवण झाल्यावर स्वामींनी पान-सुपारी मागितली आणि पाठोपाठ खायची तंबाखूही मागितली, तेव्हा घरची मंडळी चपापली. संन्यासी आणि तंबाखू? स्वामींनी तिथेच सरळ सांगून टाकलं की मी कॉलेजात शिकलेला, मजेत जगलेला माणूस, रामकृष्णांनी आयुष्य पार बदललं, तरी काही जुन्या सवयी राहिल्यात आणि त्या निरुपद्रवी आहेत म्हणून सोडल्या नाहीत. मांसाहाराबद्दल विचारलं तेव्हा ते म्हणाले की आम्ही परमहंस पंथाचे, समोर येईल ते खायचं; आणि हिंदूखेरीज इतरांच्या हातचं खायलाही त्यांची हरकत नव्हती.

आक्षेप तोच, तंबाखूचाच. तरी भाट्यांच्या घरी त्याचं भांडण झालं नाही. उलट दोन दिवसांत गावातली जाणती माणसं चर्चेला जमायला लागली. याचं एक कारण मला असं दिसतं की भाट्यांनी पाहुण्याला जेवू घातलं ते अतिथी म्हणून. त्या जेवणाच्या बदल्यात त्यांना काही उभं करायचं नव्हतं. संन्याशाला चार दिवस ठेवून घ्यायचं आणि पुढच्या गावच्या ओळखीची चिठ्ठी देऊन वाटेला लावायचं, ही आपल्याकडची घडी बसलेली रीत. त्यात कुणी कुणाचा मिंधा होत नाही. लंडनमध्ये अशी रीत नव्हती. तिथे स्टर्डी आणि म्युलरबाई एक चळवळ उभी करत होते आणि स्वामी त्या चळवळीचा चेहरा होते. आपल्या चेहऱ्यावर चिरुटाचा डाग कुणाला चालेल?

सप्टेंबरच्या पत्रात स्वामींनी ही दुहेरी ओढाताण मोठ्या गमतीने मांडलीय. अमेरिकेत आलो तेव्हा पँट नसली तर लोक वाईट वागवायचे. मग कफ-कॉलर सक्तीची झाली. त्यांनी पुढे केलेलं खाल्लं नाही तर मी विक्षिप्त. भारतात पाऊल टाकलं तर तिथल्यांनी मुंडन करून कौपीन नेसवलं. युरोपियनांच्या पंगतीला बसतो म्हणून एका खाजगी देवळाच्या मालकांनी मला बाहेर काढलं. हे देऊळ म्हणजे दक्षिणेश्वरचं, जिथे रामकृष्णांनी आयुष्य घालवलं तेच. ज्याच्या गुरूमुळे त्या देवळाला नाव मिळालं त्यालाच तिथे मज्जाव. आपण कुणालाही हव्या त्या साच्यात ओतता येईल इतके मऊ असतो तर बरं झालं असतं, पण सर्वांना खूश करणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, असं ते म्हणतात.

हा शांत सूर दोन महिन्यांत कसा फाटला? मधल्या काळात लंडनहून कुजबुज येतच राहिली. त्यागाचा उपदेश करणारे हे स्वामी लोक पश्चिमेत चैनीत राहतात आणि त्या चैनीमुळेच इंग्लंडमधलं काम बसलं, असा तिचा रोख. आजारपण, सवयी, धूर हे सगळं स्वामींनी हसून मान्य केलं होतं. चैनीचा आरोप मात्र त्यांच्या जिव्हारी लागला, कारण तो थेट संन्यासालाच हात घालणारा होता. नोव्हेंबरच्या पत्राची सुरुवातच अशी आहे की हा माझ्या वर्तनाचा बचाव नव्हे. आणि मग पुढे हिशेबच मांडलाय, एकेका मुक्कामाचा. रेडिंग झालं. मग लंडनमधलं सेंट जॉर्जेस रोडचं घर, जिथे कर्तेधर्ते स्टर्डी आणि म्युलरबाई. तिथे जेवण, अंथरूण, खोली, कशाचीच चैन आठवत नाही. मग म्युलरबाईंकडे, त्या प्रेमाने वागल्या, पण तिथे फळं आणि सुका मेवा यांवर राहिलो. मग लंडनमधली ती काळकोठडी, जिथे दिवसरात्र काम करून पाच-सहा जणांचा स्वयंपाकही करायचा आणि रात्री बहुतेकदा पाव-लोण्याचा तुकडा. श्रीमती स्टर्डींनी एकदा जेवायला आणि मुक्कामाला बोलावलं आणि दुसऱ्या दिवशी हा काळा रानटी किती घाणेरडा, घरभर धूर करतो, अशी नालस्ती केली, हेही त्यात आहे. मग प्रश्नांची सरबत्ती: तुमच्यापैकी कुणी मला कोट दिला? कुणी चिरूट? कुणी मासळीचा तुकडा? मी कधी कुणाकडे काही मागितलं असं म्हणायची कुणाची छाती आहे?

आणि मग पैशाची गोष्ट येते. तुम्ही मला कामासाठी पैसे दिलेत, त्यातली पै न् पै जागेवर आहे. तुमच्या डोळ्यांदेखत मी माझ्या भावाला दूर पाठवलं, कदाचित मरायलाच. पण जो पैसा माझा खाजगी नव्हता त्यातला छदामही मी त्याला दिला नाही.

हा भाऊ म्हणजे महेंद्रनाथ दत्त. १८९६ मध्ये तो कायदा शिकायला लंडनला येऊन थडकला होता. स्वामींना ते अजिबात पसंत नव्हतं. त्यांच्या मते त्याने विजेचं तंत्र शिकावं. तो आजारी पडला, त्याच्याकडे पैसे नव्हते, त्याला सेंट जॉर्जेस रोडच्या घरात आसरा राहिला नाही आणि शेवटी त्याने लंडन सोडलं. पुढे युरोप आणि पश्चिम आशियातून, बराचसा पायी, तो कित्येक वर्षांनी भारतात परतला. पत्र लिहिताना तो जिवंत आहे का याचीही स्वामींना खात्री नसावी. सख्ख्या भावाला उपाशी ठेवून ज्याने देणगीचा हिशेब राखला त्याला चैनी म्हणायचं, याची आग त्या पत्रात आहे. मला विचाराल तर संपूर्ण पत्रातला कळीचा मजकूर हाच. कोबी आणि चिरूट वाचून हसू येतं, पण राग उसळलाय तो या जागेवरून.

तरीही पत्र हे एका बाजूचंच म्हणणं असतं. श्रीमती स्टर्डींचं म्हणणं काय होतं? नवऱ्याने घरात एक परदेशी संन्यासी आणून बसवला, तो मोठा विद्वान, नवरा दिवसभर त्याच्याबरोबर संस्कृत घेऊन बसलेला, घरात कायम पाहुण्यांची वर्दळ, आणि रांधा-वाढा-उष्टी काढायची जबाबदारी बाईंच्या संसारावर. त्यांची वंशद्वेषी भाषा माफ करण्यासारखी नाही. पण नवऱ्याच्या अध्यात्माचा भार बायकोने उचलायचा, ही तऱ्हा कोणत्याही देशात नवी नाही, आणि स्वामींच्या पत्रात त्या बाजूची जाणीव कुठे दिसत नाही. स्टर्डींची निराशाही खोटी नव्हती. त्यांनी ज्या गोष्टीत वेळ, पैसा आणि नाव गुंतवलं होतं, ती लंडनमध्ये विरत चालली होती. १८९९ च्या उन्हाळ्यात स्वामी इंग्लंडला आले तेव्हा फारसं काम झालं नाही, दोनेक आठवड्यांत ते अमेरिकेला निघून गेले. इंग्लंडमध्ये त्यानंतर त्यांनी पुन्हा वर्ग घेतले नाहीत. स्टर्डी मात्र खूप वर्षं जगले, आणि नंतर त्यांनी लिहिलेल्या विवेकानंदांच्या आठवणी आदराच्याच आहेत. खाल्ल्या मिठाला जागायचं कुणी, हा प्रश्न त्यांच्याही मनात दोन्ही बाजूंनी उमटला असेल.

त्याच नोव्हेंबरच्या पत्रात एका इंग्रज जोडप्याचा अपवाद मात्र स्वामींनी ठळकपणे केलाय: कॅप्टन सेव्हियर आणि त्यांची पत्नी. मी गारठलो तेव्हा त्यांनी मला पांघरूण घातलं, आईपेक्षाही चांगली माझी शुश्रूषा केली, माझं दुबळेपण सोसलं. हे दोघंही त्याच लंडनमधून आलेले. मग त्यांचं का नाही बिनसलं? स्वभावाचा भाग असणारच. पण व्यवहारातही एक मोठा फरक होता. सेव्हियर दांपत्याने इंग्लंडमधलं घरदार विकलं आणि १८९६ च्या डिसेंबरात स्वामींबरोबरच ते भारताकडे निघाले. १९ मार्च १८९९ ला हिमालयात मायावतीला अद्वैत आश्रम सुरू झाला, त्यात पैसा त्यांचा आणि श्रमही त्यांचेच. म्हणजे ते स्वामींना आपल्या घरात ठेवणारे यजमान राहिलेच नाहीत. ते त्याच कामातले सहकारी झाले, थंडीवाऱ्यात त्याच छपराखाली राहणारे.

आणि अट घालणं म्हणजे वाईटच असंही नसतं, हे मायावतीने दाखवलं. तिथला नियम ठरलेला होता: मूर्तिपूजा नाही, कोणत्याही प्रतिमेची पूजा नाही, शुद्ध अद्वैत. कॅप्टन सेव्हियर २८ ऑक्टोबर १९०० ला वारले. त्यांच्या पत्नीचं सांत्वन करायला जानेवारी १९०१ मध्ये, तब्येत खालावलेली असताना, बर्फातून विवेकानंद मायावतीला गेले. तिथे त्यांना दिसलं की काही जणांनी एका खोलीत रामकृष्णांच्या तसबिरीची पूजा सुरू केलीय. स्वतःच्या गुरूची पूजा! तरी स्वामींनी नापसंती स्पष्ट बोलून दाखवली आणि पुढे ती पूजा थांबली. इथे देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने आधी बसून काय ठरलं ते बोलून घेतलं होतं. स्टर्डींच्या घरी असलं काही झालंच नव्हतं. तिथल्या अटी कुणी तोंडाने बोललं नव्हतं आणि मोडल्या मात्र रोज जात होत्या.

मायावतीहून परतल्यावर त्याच महिन्याच्या अखेरीस विवेकानंदांनी बेलूर मठाच्या विश्वस्तपत्रावर सही केली. म्युलरबाईंच्या पैशातून आलेली ती जमीन आणि मठ आतापर्यंत कागदोपत्री स्वामींच्या नावे होता. तो त्यांनी गुरुबंधूंच्या विश्वस्त मंडळाकडे सोपवला. मंडळावर सगळे संन्यासी, देणगीदार एकही नाही. आणि त्या यादीत त्यांनी स्वतःचंही नाव घातलं नाही. अध्यक्ष झाले ब्रह्मानंद. देणगीदार निघून गेला तर काय, आणि ज्याच्याकडे पाहून देणगी आली तो माणूस गेला तर काय, या दोन्ही प्रश्नांचा बंदोबस्त एकाच कागदात झाला. दीड वर्षात, ४ जुलै १९०२ ला, ते गेलेच.

याच सुमाराची आणखी एक गोष्ट आहे. बेलूरजवळच्या बाली नगरपालिकेने मठाला करमाफी नाकारली. हा मठ नाहीच, विवेकानंदांचं बागेतलं खाजगी घर आहे, असं म्हणून कर लावला. कारणं काय, तर हे साधू चहा पितात, इथे साहेब-मडमांची ये-जा असते. लंडनच्या दिवाणखान्यातलीच कुजबुज, फक्त आता सरकारी शिक्क्यानिशी. मठाने कर भरला नाही, प्रकरण कोर्टात गेलं. तिथे साधूंची राहणी तपासली गेली, पण बघायचं होतं एवढंच की जागेचा वापर धर्मकार्यासाठी होतो की कुणा एकाच्या खाजगी सुखासाठी. निकाल मठाच्या बाजूने लागला आणि कर माफ झाला.